दोघांचा प्रयोगशील ब्लॅक मेटल बँड: इंदूरच्या मागच्या खोलीतून सुरुवात करणाऱ्यांसाठी

शेजारच्या काकूंनी एकदा मागच्या खोलीत डोकावून विचारलं होतं, "अरे, दोघंच? बाकीचे कधी येणार?" बाकीचे नव्हतेच. मी आणि माझा मावसभाऊ. तो सहा वर्षांनी मोठा, म्हणून दादा. एक गिटार, एक लॅपटॉप, आणि ड्रमच्या जागी माउसने टिपलेले ठिपके. काकू "बरं" म्हणाल्या आणि चकल्यांची ताटली ठेवून गेल्या.

इंदुरात मेटल नवं नाही. निकोटीन हा बँड इथे २००६ च्या शेवटी सुरू झाला आणि मध्य भारतातल्या मेटलची सुरुवात करणाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जातं. पण चार-पाच जणांचा बँड चालवायला चार-पाच जण लागतात, आणि आपल्या शहरातली पोरं बावीस-तेविसाव्या वर्षी पुण्याला किंवा बेंगळुरूला जातात. ड्रमर तर सगळ्यात आधी जातो. म्हणून दोघांचा बँड. मी मुद्दामच करायला सांगतोय, नाइलाज म्हणून नाही. दोघांत एकमत लवकर होतं, भांडण लवकर मिटतं, आणि जे येत नाही त्याच्याभोवती वळसा घालताना आपला आवाज सापडतो.

ज्यांना ब्लॅक मेटल म्हणजे काय इथपासून सुरुवात आहे त्यांच्यासाठी चार वाक्यं. नाव आलं इंग्लंडच्या व्हेनम या बँडच्या १९८२ च्या अल्बमवरून, आणि आज आपण ज्याला ब्लॅक मेटल म्हणतो तो घाट बसला नव्वदीच्या सुरुवातीला नॉर्वेत. एकाच तारेवर किंवा स्वरजोडीवर अतिजलद वरखाली छेड, म्हणजे ट्रेमोलो पिकिंग. ड्रमवर न थांबणारा ब्लास्ट बीट, वर किंचाळीसारखा गळा, आणि रेकॉर्डिंग मुद्दाम कच्चं, खरखरीत. 'प्रयोगशील' म्हणजे यातल्या दोन गोष्टी ठेवायच्या आणि तिसरी अशी आणायची की जी तिथली नव्हेच.

आधी तीन जोड्यांचं चरित्र बघा

गिटार हातात घेण्याआधी एक संध्याकाळ याला द्या. नुसती गाणी ऐकू नका, कोणत्या वर्षी काय केलं ते ओळीने लावा.

पहिली जोडी नॉर्वेची, डार्कथ्रोन. १९९१ चा त्यांचा पहिला अल्बम चक्क डेथ मेटल होता, नीटनेटका. १९९२ मध्ये त्यांनी दिशा बदलली तेव्हा ब्रिटिश रेकॉर्ड कंपनी पीसव्हिलही दचकली होती. १९९३ मध्ये तिसरा गेला आणि फेनरिझ व नॉक्टर्नो कुल्टो हे दोघं उरले. १९९४ चा 'ट्रान्सिल्वेनियन हंगर' फेनरिझने घरच्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकट्याने वाजवून भरला आणि दुसऱ्याने त्यावर गळा दिला. एवढंच. २००६ पासून त्यांनी पंकच्या अंगाने वळण घेतलं, मग जुन्या हेवी मेटलकडे, आणि २०२४ मध्येही नवा अल्बम काढला. फेनरिझने पोस्टातली नोकरी सोडली नाही आणि मैफली तर ते कित्येक वर्षं करतच नाहीत. नोकरी आहे आणि स्टेज नाही म्हणून बँड होत नाही, असं तुमच्या घरी कोणी म्हणालं तर हे उदाहरण द्या. (घरच्यांना पटणार नाही, पण तुम्हाला धीर येईल.)

दुसरी जोडी मामालीक, सॅन फ्रान्सिस्कोचे दोन भाऊ. २००८ मध्ये सुरुवात केली आणि स्वतःची नावं जाहीर केली नाहीत. त्यांच्या २०१४ च्या अल्बमचं शीर्षकच एका जुन्या आफ्रिकी-अमेरिकी भक्तिगीताचं आहे. ब्लॅक मेटलची किंचाळी आणि गुलामगिरीच्या काळातली भक्तिगीतं एकत्र येऊ शकतात हे कोणाला सुचलं असतं? पुढे त्यांनी आणखी वादक घेतले, आवाज जॅझ आणि ब्लूजकडे सरकला. म्हणजे दोघांचा बँड कायम दोघांचाच राहिला पाहिजे असंही नाही.

तिसरी जोडी स्वित्झर्लंडची बोल्झर. एक गिटार आणि गळा, एक ड्रम, आणि हे दोघं थेट स्टेजवर जातात. तीन जोड्या, तीन रस्ते: स्टेज टाळणं, नाव लपवणं, दोघांनीच मैदान भरणं. तुमचा कोणता ते आत्ताच ठरवायची गरज नाही, पण घरच्या खोलीपुरता पहिला रस्ता स्वस्त पडतो.

अर्धं पान लिहा आणि दोघांनी सही करा

भावाभावांत लिहायचं काय, असं दादा म्हणाला होता. दीड वर्षाने एका रिफवरून (गिटारची पुन्हापुन्हा येणारी ओळ) तीन आठवडे अबोला झाला तेव्हा लिहिलं.

त्या अर्ध्या पानावर इतकंच असावं. एक, नको म्हणण्याचा हक्क दोघांनाही, कारण न सांगता. दोन, नको म्हटलेली गोष्ट पुसायची नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची. आमच्या दुसऱ्या डेमोतला सगळ्यात चांगला भाग त्याच फोल्डरमधून आला. तीन, एकजण सोडून गेला तर नाव कोणाकडे. चार, पैसे आले तर अर्धे-अर्धे, खर्चही तसाच.

पैशाला धरून थोडं कायद्याचंही ऐका. कॉपीराइट रचना झाली त्या क्षणीच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे शब्द आणि संगीत यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. रचना दोघांची एकत्र असेल तर जो शेवटी जाईल त्याच्यापासून मोजतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणजे सुरुवातीलाच 'शब्द माझे, संगीत दोघांचं' हे कागदावर असलं की नातवंडांचं भांडण वाचतं. गाणी बाहेर वाजायला लागली तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासद व्हा. ती नंतरची गोष्ट.

खोली

आवाज नियंत्रणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल इतकी मर्यादा घालतात. रात्र म्हणजे दहा ते सहा. खऱ्या ड्रमजवळचा आवाज शंभराच्या वर सहज जातो. राजेंद्र नगरात दोन घरांमध्ये एक भिंत आणि एक तुळस असते. तेव्हा खरे ड्रम विसरा, अॅम्प्लिफायरही विसरा. गिटार थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये (गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) घाला. त्यावर गिटारसाठी वेगळं बटण असतं, ते दाबलेलं हवं, नाहीतर आवाज पातळ आणि मेलेला येतो. कानाला हेडफोन. सॉफ्टवेअर म्हणून रीपर घ्या: ६० दिवस वापरून बघता येतं, नंतरचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि आवाजाची सगळ्यात उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास. जास्त जोरात भरून काही मिळत नाही.

आता कुठल्याही व्हिडिओत न सांगितलेली गोष्ट: पंखा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर पंखा हळू फिरत असला की तो गिटारच्या पिकअपमध्ये (तारांचं कंपन टिपणारा भाग) गुरगुरतो. चोक असलेली जुनी ट्यूबलाइट आणि इन्व्हर्टरही तेच करतात. आम्ही आठवडाभर केबल बदलत होतो. शेवटी मावशीने जेवायला बोलवताना दिवा-पंखा बंद केला आणि गुरगुर थांबली. तेव्हा पंखा पूर्ण वेगात लावा किंवा बंद करा. मे महिन्यात 'किंवा बंद करा' हे लिहायला सोपं आहे. हंबकर (दुहेरी वेटोळ्याचा) पिकअप असलेली गिटार असेल तर हा त्रास बराच कमी होतो. विकत घेताना रंग बघण्यापेक्षा हे बघा.

गळा भरायला कपाट. दार उघडं, आत लटकलेल्या साड्या, मागे गोधडी टांगलेली. कंडेन्सर माइक घेऊ नका, त्यात एबी रोडवरचा प्रत्येक हॉर्न येतो. साधा डायनॅमिक माइक पुरे.

ड्रम: ठिपके टिपणं

यावर मी थोडक्यात सांगतो, कारण लोक इथेच सहा महिने अडकतात. ब्लास्ट बीट म्हणजे किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) एकाआड एक, वर हॅट किंवा राइड या झांजा. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीला सोळावे भाग मोजले तर सेकंदाला तेराहून जास्त ठोके होतात. इतके ठोके एकसारख्या जोराने टिपले की शिवणयंत्र ऐकू येतं. स्नेअरचा जोर थोडा वरखाली करा, दर चौथ्या-आठव्या मात्रेला एखादा ठोका गाळा, झांज कमी वापरा. किंवा उलट टोकाला जा आणि यंत्राला यंत्रच राहू द्या. हेही चालतं, फक्त अर्धवट नको. माणसासारखं वाजवायचा प्रयत्न करणारं यंत्र सगळ्यात वाईट वाजतं.

बास नाही याची काळजी करू नका. गिटारच्याच ट्रॅकची प्रत काढा, एक सप्तक खाली उतरवा आणि तिला बास अॅम्प्लिफायरच्या नकलेतून जाऊ द्या.

रिफ: इथे घाई करू नका

आमचा पहिला डेमो नॉर्वेची नक्कल होता. शब्दांत बर्फ, चित्रात पाइनचं जंगल. आम्ही दोघांनी बर्फ फ्रीजमध्येच पाहिला होता. दादाने तो डेमो ऐकून म्हटलं, "हे आपल्याकडून नको." त्या दिवशी नकाराचा हक्क पहिल्यांदा वापरला गेला.

मग आम्ही घरात आधीच असलेल्या गोष्टीकडे वळलो. आजोबा अमीर खाँसाहेबांचे भक्त. इंदूरचं नाव ज्यांनी गाण्यात लावलं ते हेच. त्यांचा मारवा राग आणि त्यांचा झुमरा तालातला अतिविलंबित ख्याल आमच्या घरात रविवारी सकाळी पोह्यांबरोबर असायचा आणि लहानपणी आम्हाला वाटायचं हे कधी सुरू होणार. बावीस वर्षांचं झाल्यावर कळलं की ते सुरूच होतं. न संपणारी जागा, एक स्वर धरून त्याला आतून पोखरणं, ऐकणाऱ्याला खाली बसू न देणं. ब्लॅक मेटलला दुसरं काय हवं असतं?

आता प्रत्यक्ष करून बघा. गिटारच्या सगळ्या तारा एक स्वर खाली उतरवा, म्हणजे जाडी तार डी होईल. जरा जाड तारांचा संच लावा, नाहीतर लोंबकळतात. त्या मोकळ्या तारेला षड्ज धरा. मारव्याचे स्वर त्याच तारेवर कोणत्या पट्ट्यांवर येतात ते मोजा: कोमल रे पहिल्या पट्टीवर, शुद्ध ग चौथ्या, तीव्र म सहाव्या, शुद्ध ध नवव्या, शुद्ध नी अकराव्या. सातवी पट्टी, म्हणजे पंचम, वर्ज्य.

मेटल गिटारचा सगळा संसार ज्यावर उभा आहे तो पॉवर कॉर्ड म्हणजे मुळात षड्ज-पंचम, सात पट्ट्यांचं अंतर. मारव्यात षड्जावर तो बसूच शकत नाही. कोमल रेवरही नाही, कारण त्याच्या सात पट्ट्या वर कोमल ध येतो आणि तोही रागात नाही. पण गंधारावर बसतो (ग-नी), तीव्र मध्यमावर बसतो (म-वरचा रे), धैवतावर (ध-वरचा ग) आणि निषादावरही (नी-वरचा म). म्हणजे घर सोडून सगळीकडे पाय ठेवायला जागा, घरीच नाही. गवय्ये मारव्यात षड्ज टाळत टाळत फिरतात, त्याच अस्वस्थतेचा हा गिटारवरचा नकाशा. पहिल्यांदा हे मोजून काढलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "झोप."

षड्जावर यायचंच असेल तर सोबत तीव्र मध्यम घ्या, सहा पट्ट्यांचं कुरूप अंतर. रिफ असा बांधा की षड्ज तीन-चार आवर्तनांत एकदाच लागेल. आणि खाली तानपुरा लावायचा तर पंचमावर नको, निषादावर किंवा धैवतावर लावा. मोबाइलवरच्या तानपुऱ्यात तशी सोय असते.

राग वाजवतोय असं मात्र म्हणू नका. ट्रेमोलोत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती नाही. आम्ही फक्त स्वरांची चौकट उसनी घेतली. घरातल्या एका ज्येष्ठांनी "हा मारवा आहे?" असं विचारलं तेव्हा मी "नाही" म्हटलं आणि ते खूश झाले. खोटं "हो" म्हटलं असतं तर दोन तास गेले असते.

आता ताल. झुमरा चौदा मात्रांचा, ३-४-३-४. अतिविलंबितात एका मात्रेला चार सेकंद धरा. ड्रमची लय १८० ठेवली तर चार सेकंदांत बरोबर १२ ठोके बसतात. चौदा मात्रांचे १६८ ठोके, म्हणजे चार-चारचे ४२ बार, आणि एक आवर्तन ५६ सेकंदांचं. विभाग पडतात ते ९, १२, ९ आणि १२ बारांचे. ड्रम वेड्यासारखे धावतात, गिटारचा स्वर मात्र चार-चार सेकंदांनी सरकतो, आणि सम (आवर्तनाची पहिली मात्रा) येते ती जवळजवळ मिनिटाने. नवव्या बारानंतर बदल आला की ज्याचा कान आठ बारांना सरावलेला आहे तो अडखळतो. त्याला का ते कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये या ४२ बारांवर रंगीत खुणा करून ठेवा, नाहीतर तुम्हीही अडखळाल. आम्ही समेवर सगळं तोडतो आणि एका ठोक्याची शांतता ठेवतो. फक्त तिथेच.

तुमच्या घरी ख्याल नसेल. गणपतीतले ढोल असतील, आजीची ओवी असेल, चौकातल्या बँडबाजाचं बिघडलेलं ट्रम्पेट असेल. गैरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाड्याकडे जाणारा सगळा गोंगाट फोनवर भरून घ्या आणि अर्ध्या वेगाने ऐका. पण वस्तू एकच निवडा. ख्याल आणि ढोल आणि ओवी एकाच गाण्यात घातलं की ते प्रदर्शनातलं दालन होतं.

गळा आणि शब्द

ओरडणं आणि किंचाळी यात फरक आहे. ओरडलात तर दोन दिवसांत आवाज बसेल. हवा पोटातून, जोर कमी, आणि खरखर खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांतून काढायची. सुरुवातीला दिवसाला पंधरा मिनिटं, मध्ये पाणी. घसा दुखला की त्या दिवशी बंद. दुखणं म्हणजे रियाज नव्हे. आवाज दोन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि खरं सांगा. माझ्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिक्षक आहात का?"

मराठीतच लिहा असा माझा आग्रह आहे. इंग्रजीतली किंचाळी जगात पुष्कळ आहे. फक्त स्वर जपून निवडा: 'आ' आणि 'ए' किंचाळीत उघडतात, 'उ' बुजतो. ठ, ढ, ख हे ब्लास्टवर कापत जातात. 'ळ' मात्र हरवतो, आमच्या 'काळोख'चा प्रत्येक वेळी 'काओख' झाला. शेवटी 'अंधार' घेतला.

छंदाला मोठ्या अभंगाचा साचा फार चांगला: ६, ६, ६ आणि ४ अक्षरं. एका ठोक्याला एक अक्षर धरलं तर २२ ठोके, वर दोन श्वासाला, झाले २४. आपल्या हिशेबात बरोबर दोन मात्रा. साचा घ्या, देव घेऊ नका. का ते पुढे येतं.

मिक्सिंग, आणि आमचं दोन महिन्यांचं नुकसान

पहिला डेमो आम्ही शहरातल्या एका स्टुडिओत दिला. तिथला मुलगा मनापासून चांगला. त्याने विचारलं, "भिया, फाइल खराब हो गई है क्या? साफ कर दूँ?" आणि आम्ही काही बोलायच्या आत साफ करून दिली. खरखर गेली, घोंघावणं गेलं, ड्रम जाहिरातीतल्यासारखे. पैसे गेले आणि मूळ सत्र (सुट्या ट्रॅकची फाइल) आम्ही जपलं नव्हतं, म्हणून सगळं परत वाजवलं. चूक आमची होती. आम्ही त्याला एकही नमुना ऐकवला नव्हता.

तेव्हा पहिले दोन-तीन तुकडे स्वतः मिक्स करा. गिटारचा ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापा. सगळ्यांना एकाच रिव्हर्बमधून (खोलीत घुमल्याचा आभास) थोडं-थोडं जाऊ द्या म्हणजे सगळे एकाच खोलीत आहेत असं वाटतं. गळा गिटारच्या मागे ठेवा, पुढे नाही. पूर्ण झालं की फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे रिफ ओळखू येत नसेल तर कच्चेपणा नाही, चिखल आहे. शेवटची पातळी फार फुगवू नका, स्ट्रीमिंगवाले साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणून ठेवतातच.

नाव, चित्र, आणि पोलीस ठाणं टाळणं

नाव मराठी असावं, दोन किंवा तीन अक्षरी, आणि शोधल्यावर किराणा दुकान निघू नये. आधी मेटल आर्काइव्ह्जमध्ये बघून घ्या, २००२ पासूनची ती जगभरच्या बँडची सूची आहे.

ब्लॅक मेटलचा धर्मद्रोह नॉर्वेत चर्चविरुद्ध होता, आणि त्यातून जाळपोळ व खूनही झाले. त्यात भव्य काही नाही. आपल्याकडे तोच वेश जसाच्या तसा आणला तर दोन गोष्टी होतात: एक तर तो हास्यास्पद दिसतो, दुसरं, भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ आहे. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावल्या तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुनं २९५-अ ते हेच. कोलकात्याचा हीदन बीस्ट थेट धर्मावर बोलतो आणि त्याचे सदस्य नावं लपवून असतात. तुम्हाला तसं बोलायचं असेल तर बोला, पण समजून-उमजून. मुखपृष्ठ 'भारी दिसतं' म्हणून नको. आमच्या शब्दांत मसण आहे, मे महिना आहे, बंद पडलेली कापड गिरणी आहे. त्या गिरणीच्या भोंग्याबद्दल आजोबा बोलायचे ते कोणत्याही सैतानापेक्षा भीतिदायक होतं.

आणि राजकारण तपासा. या संगीतात वंशवाद्यांचा एक कोपरा आहे. तुमची गाणी घ्यायला तयार झालेल्या परदेशी लेबलने आणखी काय-काय छापलंय ते बघितल्याशिवाय हो म्हणू नका. डार्कथ्रोननेही १९९४ च्या त्या अल्बमच्या मागे 'आर्यन' शब्द छापला होता आणि पुढच्या वर्षीच्या अल्बमवर आपण नाझी बँड नाही असं छापायची पाळी आली. तीस वर्षं झाली, अजून लोक विचारतात.

चेहऱ्याला काळा-पांढरा रंग लावायचा का? ४३ अंशांत तो पंधरा मिनिटांत मानेवर येतो. आम्ही फोटो रंगपंचमीला काढले. त्या दिवशी चेहरा रंगवून बोळात उभं राहिलात तर कोणी वळूनही बघत नाही.

बाहेर काढणं

तीन तुकडे पुरेत, वीस मिनिटं. बँडकॅम्पवर स्वतः चढवा: डिजिटल विक्रीत ते १५ टक्के घेतात, वस्तूंवर १०. पैसे पेपॅलने येतात. २०२१ पासून पेपॅल भारतातल्या भारतात चालत नाही, पण परदेशातून आलेले पैसे घेता येतात, पॅन कार्ड जोडलेलं हवं. मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर थेट चढवता येत नाही, मध्ये वितरक लागतो. तिथून मिळणारं उत्पन्न सराफ्यातल्या एका रात्रीइतकंही नसतं, पण ओळखीच्या लोकांना ऐकवायला बरं.

कॅसेटचा मोह होईल. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे बाजूला तीस. वीस मिनिटांच्या ऐवजाला ती रिकामी वाटते, तेव्हा दुसऱ्या डेमोपर्यंत थांबा. पहिल्या खेपेला पंचवीसहून जास्त नकोत. आमच्या अकरा अजून माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी आहेत.

स्टेजबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच. आम्ही दोनदा गेलो. लॅपटॉपवर ड्रम लावून दोघं उभं राहणं सोपं नाही, मध्ये थांबलं की कराओके वाटतं. जायचंच तर सलग वाजवा, बोलू नका, पंचवीस मिनिटांत उतरा.

एकजण गाव सोडेल तेव्हा

हे होणारच. दादा तीन वर्षांपूर्वी पुण्याला गेला. जाण्याच्या आदल्या रात्री आम्ही काम दुसऱ्या तऱ्हेने लावलं, आणि तुम्हीही ते आधीच लावून ठेवा: दोघांकडे एकच सॉफ्टवेअर, एकच सॅम्पल रेट (वरचा ४८ किलोहर्ट्झवाला आकडा), आणि प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून निर्यात केलेला, मग तो पहिली तीन मिनिटं गप्प का असेना. म्हणजे समोरच्याने तो ओढून टाकला की जागेवर बसतो. लय आणि स्वर फाइलच्या नावात. मी गिटार आणि ड्रम इथे भरतो, तो तिकडे रविवारी दुपारी, भाड्याच्या फ्लॅटमधले बाकीचे बाहेर गेले की, कपाटात शिरून गळा देतो.

फाइलच्या नावात तारीख घाला, 'फायनल' हा शब्द घालू नका. परवा दादाने पाठवलेल्या फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच' आणि 'फायनल आईशप्पथ' अशा चार होत्या, आणि ज्यात 'अंधार' नीट ऐकू येतो ती पाचवी, 'नवी फाइल ७', तो पाठवायलाच विसरला होता.